ऑनलाइन ऑर्डर जुन्या गिऱ्हाइकासाठीच घ्यावी

विश्रामबागेत आपले किराणा दुकान आहे, गिऱ्हाईक ओळखीचे आहे, मग ऑनलाइन ऑर्डर घेण्याचा खटाटोप कशासाठी, असे आपण विचारले आहे. मी सांगलीतच गणपती पेठेत किराणा-भुसारचे दुकान चालवतो आणि 2020 पासून फोनवर याद्या घेतो, म्हणून जे अनुभवास आले तेवढेच लिहितो.

नवे गिऱ्हाईक मिळेल या आशेने सुरुवात केलीत, तर तीन महिन्यांत कंटाळाल. मला उपयोग झाला तो जुनी घरे टिकवण्यासाठी. आपल्याकडे आई-वडील सांगलीत आणि मुले पुण्यात, अशी घरे किती आहेत ते आपणही जाणता. काय आणायचे ते आई ठरवते आणि पैसे मुलगा तिकडून यूपीआयने भरतो. वडिलांना पिशवी उचलवेनाशी झाली, की हाच मुलगा एखाद्या मोठ्या अ‍ॅपवरून सामान पाठवू लागतो. त्यात आपल्यावर राग नसतो, फक्त त्याला पुण्यात बसून यादी देता येईल अशी सोय आपल्याकडे नसते. असे गिऱ्हाईक न भांडता जाते आणि वहीतले त्याचे पान कोरे राहिले, की मगच आपल्या लक्षात येते.

दुसरा लाभ मला अनपेक्षित होता. संध्याकाळी सहा ते साडेआठ काउंटरवर श्वास घ्यायला फुरसत नसते आणि दुपारी दोन ते चार माणसे रिकामी बसतात. रात्री आलेल्या याद्या आता दुपारी भरून होतात, त्यामुळे तेवढ्याच माणसांत काम निघते. शिवाय 2019 च्या महापुरात माझ्या दोन वह्या भिजून लगदा झाल्या होत्या. 2021 ला पुन्हा पाणी आले तेव्हा याद्या आणि येणे फोनमध्ये शाबूत होते.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. एक काकू चिठ्ठीवर ‘तांदूळ नेहमीचा, पाच किलो’ एवढेच लिहीत. नेहमीचा म्हणजे जुना आंबेमोहोर, हे मला पाठ होते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगला, म्हणजे दुकानातल्या मालाच्या फोनवर दिसणाऱ्या यादीला, ते कसे कळणार? तेथे त्यांना तांदळाचे नऊ प्रकार दिसले आणि त्यांनी फोन बाजूला ठेवला. तेव्हापासून मी प्रत्येक घराची मागच्या महिन्याची यादी त्यांनाच परत पाठवतो आणि त्यात काय कमी-जास्त करायचे एवढेच विचारतो. माझ्या मते हेच सर्वांत मोठे भांडवल आहे, कारण परक्या अ‍ॅपला नेहमीचे म्हणजे काय ते सांगता येत नाही.

पहिल्या दिवाळीत माझ्याकडून एक चूक झाली. भाजके पोहे संपले होते, पण कॅटलॉगमध्ये ते तसेच दिसत राहिले आणि अकरा घरांना ऐन वेळी नाही म्हणावे लागले. संपलेला माल त्याच क्षणी काढण्याची जबाबदारी एकाच माणसावर द्या.

कमिशनची धास्ती असेल, तर प्लॅटफॉर्मवर जाण्याची घाई नको. स्वतःच्या नंबरावर याद्या घेतल्यास ते द्यावे लागत नाही. पुढे ओएनडीसीसारख्या (सरकारी पाठबळाच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या) खुल्या जाळ्यावर जायचे ठरले, तर जीएसटीचा नियम पाहून ठेवा. पूर्वी प्लॅटफॉर्मवर माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी करावी लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्या आणि 40 लाखांच्या मर्यादेतल्या दुकानदाराला त्यातून सूट आहे, मात्र पॅनवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

आरंभी वीसच घरे घ्या, तीही दुकानाजवळची. घरपोचसाठी वेगळा माणूस ठेवू नका; दुपारी चारला दुकानातलाच मुलगा एका फेरीत सगळे देऊन येतो. उधारीची घरे पहिल्या वीसांत नकोत, कारण फोनवरून यादी येऊ लागली की मागचे येणे मागायला माणूस समोर सापडत नाही.