आईंची गोष्ट अंघोळ घालणाऱ्या मुलीसाठी लिहा

प्रश्न : माझी आई 84 वर्षांची आहे. ती पुण्याच्या शनिवार पेठेत वाढली आणि 1971 साली लग्नानंतर इंग्लंडला आली. स्मृतिभ्रंशामुळे दीड वर्षापासून ती एका केअर होममध्ये आहे. तिथल्या लोकांनी तिची ‘लाइफ स्टोरी’ मागितली, म्हणून मी चौदा पाने लिहून दिली. परंतु ती कोणी वाचल्याचे जाणवत नाही. अंघोळीच्या वेळी आई किंचाळते, हात उगारते, अशा तक्रारी मात्र सुरूच आहेत. भावाच्या मते ही पानशेतच्या पुराची भीती आहे. मी आणखी काय लिहायला हवे?

उत्तर : तुमची चौदा पाने जपून ठेवा, नातवंडांना ती लागतील. केअर होमला हवी असलेली गोष्ट वेगळी आहे. तिची वाचक म्हणजे सकाळी साडेसात वाजता अंघोळ घालायला आईंच्या दाराशी उभी असलेली, तिथे काम करणारी मुलगी. तिला अजून चार-पाच जणांचे आवरायचे असते आणि वाचायला जेमतेम दोन मिनिटे मिळतात. आईंचे शिक्षण, नोकरी आणि चारधाम यात्रा यांतून तिला त्या क्षणी काय करावे ते कळत नाही.

म्हातारी माणसे जुन्या गोष्टी उगाळत बसतात, हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण आहे, असे एके काळी डॉक्टरही मानत. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1963 साली मांडले की, आयुष्याकडे असे वळून पाहणे ही उतारवयातील स्वाभाविक गरज आहे. पुढे ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवूड यांनी आग्रहाने सांगितले की, स्मृतिभ्रंश झालेले माणूस किती ढासळते हे केवळ मेंदूवर नव्हे, तर भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात यावरही अवलंबून असते. केअर होमने तुमच्याकडे ‘लाइफ स्टोरी’ मागितली, त्यामागे हा विचार आहे. अल्झायमर्स सोसायटी या स्मृतिभ्रंशासाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेची ‘दिस इज मी’ ही छोटी पत्रिका विनामूल्य मिळते. ती एकदा पाहिली म्हणजे किती थोडक्यात लिहायचे असते, याचा अंदाज येईल.

आता अंघोळीचे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले, तेव्हा तुमच्या आई वीस वर्षांच्या होत्या. त्यामुळे भावाचा तर्क अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. तरीही मी आधी एक साधा प्रश्न विचारेन : तुमच्या घरी आई अंघोळ कशी करत असत? माझा अंदाज असा की, इंग्लंडमध्ये पन्नास वर्षे राहूनही त्यांनी टबमध्ये बादली ठेवली असेल, पाटावर किंवा स्टुलावर बसून तांब्याने पाणी घेतले असेल आणि पहिला तांब्या पायांवर ओतला असेल. अशा बाईला उभे करून, अंगावर एकही वस्त्र न ठेवता, न सांगता डोक्यावर फवारा सोडला, तर तिला घाबरायला पुराची गरज नाही. तेव्हा पुराचा उल्लेख एका ओळीत करा, आणि तांब्याबद्दल पाच ओळी लिहा : बसवून, अंगावर टॉवेल ठेवून, आधी पायांवर पाणी, केस फक्त ठरलेल्या वारी, आणि शक्य असेल तर बाईमाणसाच्याच हातून.

दुसरी बाब नावाची, आणि ती आपल्याकडे फार गुंतागुंतीची असते. आईंच्या पिढीत लग्नात मुलीचे नाव बदलत असत. पासपोर्टवर सासरचे नाव असते. पण स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी पुसट होत जाते आणि माहेरचे नाव मागे उरते. त्यातच इथल्या रीतीप्रमाणे विशीतली मुलगी त्यांना नुसत्या नावाने हाक मारते. आयुष्यात परक्या माणसाने ज्यांना एकेरी हाक मारली नाही, त्या आई ओ देत नसतील तर ‘ऐकू येत नाही’ अशी नोंद होण्याचा धोका असतो. म्हणून त्यांचे माहेरचे नाव लिहा, आणि ‘आजी’ म्हटलेले त्यांना चालते का, तेही लिहा.

भाषेचेही तसेच आहे. नंतर शिकलेले इंग्रजी मागे पडून आई मराठीवर येत असतील, तर त्यांचे नेहमीचे आठ-दहा शब्द रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे लिहून द्या. ‘मोरीत जायचंय’ म्हणजे काय, हे कळले नाही म्हणून कपडे ओले होतात आणि मग डायपर लागतो. शब्दकोशातला अर्थ नको, त्यांच्या तोंडचा अर्थ हवा. हाताने जेवतात, हेही स्पष्ट लिहा, नाहीतर ‘चमचा धरता येत नाही’ अशी नोंद होऊन कोणीतरी भरवू लागेल. बांगड्या काढाव्या लागल्या तर आधी तुम्हाला फोन करावा, अशी एक ओळ ठळक अक्षरांत असू द्या.

ही माहिती आईंकडून घेताना ‘आठवतं का?’ असे विचारू नका. त्याची परीक्षा होते आणि त्या नापास होतात. फोटो समोर ठेवून आपणच एखादे वाक्य बोलावे आणि थांबावे. उरलेले पुण्यातल्या मावशींना फोनवर विचारा. बहिणींना जे ठाऊक असते ते मुलांना कधीच कळलेले नसते. मात्र आईंनी जे आयुष्यभर झाकून ठेवले, ते मावशींकडून कळले तरी कागदावर उतरवू नका. तो कागद अनेक हातांतून जातो, आणि आईंची परवानगी आता घेता येत नाही. अपवाद एकच : ज्या दुःखाला तिथल्या माणसांना रोज तोंड द्यावे लागते, त्याबद्दल उत्तर सुचवून ठेवा. आई तुमच्या वडिलांची चौकशी करत असतील, तर ‘ते वारले’ हे त्यांना दर वेळी नव्याने ऐकावे लागू नये. वडिलांविषयी एखादी गोष्ट विचारावी, आणि ती कोणती, हे तुम्ही लिहून द्यावे.

एवढे सगळे एका पानात बसते. ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक प्रत हॉस्पिटलच्या पिशवीत ठेवा आणि वर तारीख घाला, कारण सहा महिन्यांनी यातले काही बदललेले असेल. येत्या रविवारी जाताना घरातला तांब्या घेऊन जा. पितळी नको, तो जड होईल; आईंचे नाव घातलेला स्टीलचा असेल तर उत्तम, कारण तिथेही प्रत्येक वस्तूवर नाव असावे लागते.