मिटलेली केस फॉर्ममध्ये लिहू का?

प्रश्न: ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वय २३. पोलीस कॉन्स्टेबलसाठी ट्राय करतोय, धावणं-उडी सगळं पास झालो, लेखी पण बरी गेली. पण चार वर्षांपूर्वी जत्रेत मारामारी झाली त्यात माझं नाव एफआयआरमध्ये आलं, मग आपसात मिटलं नि कोर्टाने सोडलं. आता अ‍ॅटेस्टेशन फॉर्म, म्हणजे स्वतःची माहिती खरी म्हणून लिहून द्यायचा फॉर्म, भरायचाय. घरचे म्हणतात मिटलेलं कशाला उकरतोस, लिहू नको. काय करू?

उत्तर: लिही बाबा, सगळं लिही. घरच्यांची भीती कळते मला, पण फॉर्म शेवटी व्हेरिफिकेशनला तुझ्याच भागातल्या पोलीस स्टेशनवर जातो, आणि कोर्टाने सोडलं म्हणून तिथल्या रेकॉर्डमधला एफआयआर पुसला जात नाही. मग केसपेक्षा लपवणंच जास्त नडतं. २०१६ मध्ये अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फॉर्ममध्ये दिलेली माहिती खरीच पाहिजे, लहान वयातली किरकोळ केस लपवली असेल तर खातं ठरवलं तर ते माफ करू शकतं, पण फक्त जे स्पष्ट विचारलंय तेवढंच सांगायला उमेदवार बांधील. म्हणून प्रत्येक प्रश्न नीट वाच, अटक झाली होती का, केस चालू आहे का, शिक्षा झाली का हे वेगवेगळे प्रश्न असतात, सगळ्यांना सरसकट 'नाही' लिहून मोकळी होणारी पोरं इथेच फसतात.

आता कडू गोष्ट. खरं लिहिलंस म्हणून नोकरी पक्की असं नाही. २०१३ च्या मेहर सिंग निकालात दिल्ली पोलिसांच्या बाबतीत सुप्रीम कोर्ट म्हणालं की तडजोडीने सुटका झाली तरी उमेदवारांची छाननी करणारी स्क्रीनिंग कमिटी माणसाची पार्श्वभूमी बघू शकते. आणि ते मला बरोबरच वाटतं, ज्याच्या हातात उद्या लाठी द्यायची त्याला पारखून घ्यायलाच हवं. तुझी केस किती गंभीर, कुणाला दुखापत झाली का, तुझा हात किती होता, यावर बरंच ठरेल.

मधेच कोणी 'व्हेरिफिकेशन मॅनेज करतो, एवढे दे' म्हणाला तर दारातूनच परत पाठव, २०२४ मध्ये आपल्या गोव्यात नोकरीसाठी पैसे दिलेल्या किती घरांचे पैसे बुडाले ते सगळ्यांनी बघितलंय.

उद्याच कोर्टात निकालाच्या सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज टाक, ती मिळायला वेळ लागतो, आणि ती फॉर्मला जोड. फॉर्म आधीच देऊन झाला असेल तर व्हेरिफिकेशनची वाट न बघता दुरुस्तीचा लेखी अर्ज दे नि पोच घे.