रोज सकाळी लेंड्या बघ

अरे, ससा दुखलं म्हणून सहसा ओरडत नाही. कोपऱ्यात अंग आक्रसून बसतो, बस्स. म्हणून ट्रेमधल्या लेंड्या बघायच्या. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या हव्यात. केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या दिसल्या तर सुकं गवत वाढव. १०-१२ तास खाणं नाही, लेंडी नाही, किंवा पिल्लाला पातळ जुलाब, तर सकाळची वाट बघू नकोस. डॉक्टरांना आधी फोनवर विचार, ससे बघता का? पुण्यातही सगळे बघत नाहीत. घरातलं अमॉक्सिसिलिन (आपलं अँटिबायोटिक) तोंडातून मुळीच नको, आतड्यातले चांगले जिवाणू मरतात. कुत्र्याचं फिप्रोनिलवालं पिसवांचं औषधही विषारीच. (मी लावणारच होतो, बायकोने लेबल वाचलं.) आणि एप्रिलात पत्र्याखालच्या बाल्कनीत पिंजरा ठेवलास तर बघ! धापा टाकायला लागला तर सावलीत घे, कान साध्या पाण्याने ओले कर नि थेट दवाखाना गाठ.