बेशुद्ध रुग्णावर औषधाची चाचणी : दिरांची सही आणि तुमचा हक्क

प्रश्न : साडेचार महिन्यांपूर्वी माझ्या पतींच्या मोटारसायकलला टेम्पोने धडक दिली. त्यांचे वय ४०. डोक्याला जबर मार बसला, शुद्ध हरपली. मी माहेरी होते. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात रात्री दोन वाजता धाकट्या दिरांनी सह्या केल्या. 'मेंदूतला रक्तस्राव थांबवणारं नवीन औषध आहे, कंपनी फुकट देते,' एवढंच त्यांना सांगितलं. दीर नववी शिकलेले, कागद सगळे इंग्रजीत. सहाव्या दिवशी पतींची उजवी बाजू लुळी पडली, पुन्हा व्हेंटिलेटर लावावा लागला. आता ते शुद्धीवर आहेत, बोलतात, समजतं सगळं, पण उजवा हात उचलत नाही. रुग्णालय म्हणतं, हे अपघातामुळेच. त्या दुसऱ्या आयसीयूचं १ लाख ८० हजारांचं बिल आमच्याकडून घेतलं. कागद मागितले की 'ते कंपनीचे आहेत' असं उत्तर मिळतं. तपासणीला या म्हणून फोन मात्र येतात. घरात सगळे दिरांना बोल लावतात. ती सही रद्द करून घेता येईल का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, सही रद्द करून घेण्याच्या मागे लागू नका. त्या भांडणात दोन-चार वर्षं सहज जातील आणि जिंकलात तरी हाती काय येईल, याचा भरवसा नाही. तुमचा भक्कम हक्क दुसरीकडे आहे.

आधी सहीचं एकदाचं मिटवू. आपल्याकडे अशा चाचण्या 'नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' खाली चालतात. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या वतीने कायद्याने मान्य प्रतिनिधीची संमती घेता येते, असं या नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. मात्र आधी बायको, मग वडील, मग भाऊ अशी उतरंड तिथे दिलेली नाही. त्यामुळे 'मी असताना दिरांना अधिकार काय' हा युक्तिवाद फार लांब जात नाही. शिवाय त्या रात्री तुम्ही तिथे नव्हता, भाऊ होता. भावाचा जीव वाचावा म्हणून त्याने सही केली. घरातल्यांनी त्याला बोल लावणं थांबवावं, हे मी वकील म्हणूनही सांगतो. उद्या तोच तुमचा सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार असणार आहे. त्या रात्री कोण काय बोललं, कोणत्या डॉक्टरांनी कागद पुढे केला, किती मिनिटांत सह्या झाल्या, हे त्याच्याकडून आजच तारीख घालून लिहून घ्या.

सही घेण्याची पद्धत मात्र सदोष दिसते. माहिती समजेल अशा सोप्या भाषेत द्यायची असते. प्रतिनिधीला वाचता येत नसेल तर सगळी प्रक्रिया होत असताना एक निःपक्ष साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी. दीर मराठी वाचतात, पण समोरचा कागद त्यांना वाचता येत नव्हता, असं म्हणायला जागा आहे. औषधातला रेणूच नवा असेल तर अशा असहाय रुग्णांच्या बाबतीत संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण ठेवणंही बंधनकारक आहे, आणि तातडीच्या अवस्थेतल्या रुग्णांना हे नियम असहाय गटातच धरतात. ते चित्रीकरण मागा. नसेल तर 'नाही' असं लेखी मागा. एवढ्यावरच भरपाई मिळणार नाही, पण पुढच्या अर्जाला वजन येईल.

बेशुद्ध माणसावर प्रयोग करतातच कशाला, असा संताप तुमच्या पत्रात आहे. तो समजतो. पण डोक्याला मार लागल्यावर करायचा उपचार तपासायचा तर तो अशाच रुग्णांवर तपासावा लागतो, आणि घड्याळ धावत असताना. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड हे जुनं, स्वस्त औषध जखमींचे प्राण वाचवतं, हे 'क्रॅश-२' नावाच्या चाचणीतून २०१० मध्ये पुढे आलं. त्यात ४० देशांतले २० हजारांवर जखमी होते, आपल्याकडची रुग्णालयंही होती. ते औषध पहिल्या तीन तासांत दिलं तरच फायदा, हेही त्यातूनच कळलं. तेव्हा चाचणीत घातलं हाच गुन्हा, असा सूर अर्जात लावू नका. चाचणीत घातल्यावर कंपनीवर ज्या जबाबदाऱ्या येतात त्या पाळल्या का, एवढंच विचारा.

आता बिलाकडे या, कारण तुमची पकड तिथेच आहे. नियम ४० सांगतो की चाचणी चालू असताना रुग्णाला इजा झाली तर चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीने मोफत उपचार द्यायचे. किती दिवस? संशोधक डॉक्टरांच्या मते गरज असेल तोवर, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. शब्दरचना नीट बघा. आधी संबंध दाखवा, मग फुकट उपचार देऊ, असं नियम म्हणत नाही. नियम उलटा आहे. सहाव्या दिवसाचा झटका चाचणीच्या काळातला आहे. मग संबंध नाही हे कधी सिद्ध झालं, कोणी केलं, कोणत्या कागदावर? वॉर्डात कोणी तोंडी 'अपघातामुळेच' म्हणालं, त्याला सिद्ध होणं म्हणत नाहीत. ते १ लाख ८० हजार परत मागण्याचं पहिलं पत्र याच मुद्द्यावर जाऊ द्या.

असा गंभीर प्रसंग घडला की काय व्हायला हवं होतं, तेही ठरलेलं आहे. संशोधक डॉक्टरांनी २४ तासांत दिल्लीच्या केंद्रीय परवाना अधिकाऱ्याला (म्हणजे भारताच्या औषध महानियंत्रकांना), कंपनीला आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे रुग्णांच्या हितासाठी चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीला, कळवायचं. कंपनी आणि डॉक्टर दोघांनी १४ दिवसांत कारणमीमांसेचा अहवाल द्यायचा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत एथिक्स कमिटीने भरपाईबद्दल आपलं मत पाठवायचं. मग परवाना अधिकारी, हवी तर तज्ज्ञ समिती नेमून, ९० दिवसांत निर्णय देतो आणि त्यानंतर ३० दिवसांत कंपनीने पैसे भरायचे. तुमच्या प्रकरणात साडेचार महिने होऊन गेले. म्हणजे एक तर हा अहवाल गेलेला आहे आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही, किंवा गेलेलाच नाही. दुसरी शक्यता खरी निघाली तर तो नियमभंग वेगळा.

म्हणून पहिला अर्ज एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांना. तिचा पत्ता आणि फोन रुग्णासाठीच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो. ते पत्रक व सही केलेलं संमतीपत्र यांची प्रत रुग्णाला किंवा नातेवाइकाला द्यावीच लागते, त्यामुळे 'कंपनीचे कागद' हे उत्तर या दोन कागदांना लागूच होत नाही. प्रत दिलीच नसेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियाच्या संकेतस्थळावर शोधा. १५ जून २००९ पासून तिथली नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदी कोणालाही फुकट पाहता येतात. कोणतं औषध, कोणती रुग्णालयं, कोणते रुग्ण घ्यायचे, प्रमुख संशोधक कोण, हे तिथे मिळतं. त्या नोंदीचा प्रिंट काढून ठेवा. अर्जाची एक प्रत दिल्लीला कोटला रोडवरच्या एफडीए भवनात भारताच्या औषध महानियंत्रकांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे खेटे घालू नका, या परवानग्या त्यांच्या हातात नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज खासगी कंपनीला करता येत नाही, पण औषध महानियंत्रकांच्या कार्यालयाला करता येतो.

रुग्णालयाकडून संपूर्ण केस पेपर स्वतंत्रपणे मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्जावर पतींची सही घ्या. उजवा हात चालत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा, खाली दोन साक्षीदार. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा तक्ता आणि दोन्ही सीटी स्कॅनच्या सीडी हव्यात.

त्या दोन सीडींसाठी एवढा आग्रह का, ते सांगतो. तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या फोटोत पहिल्या सीटीमध्ये मार आणि रक्तस्राव मेंदूच्या उजव्या बाजूला आहे. उजव्या मेंदूचा मार सहसा डावं अंग लुळं करतो. पतींचं लुळं पडलं उजवं अंग, तेही सहाव्या दिवशी, आणि त्या दिवसाच्या सीटीत डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटल्याचं लिहिलं आहे. म्हणजे जुना रक्तस्राव वाढलेला नाही, नवीन गुठळी अडकलेली दिसते. रक्त थांबवणाऱ्या औषधाबद्दल पहिली शंका घ्यायची ती हीच. पण लगेच हुरळून जाऊ नका. समोरून उत्तर येईल की मानेतली रक्तवाहिनी अपघातातच आतून फाटली होती आणि गुठळी तिथून आली. असं खरोखर घडतं. तेव्हा मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली होती का, त्यात काय निघालं, हे एखाद्या बाहेरच्या न्यूरॉलॉजिस्टकडून लेखी घ्या. त्या एका पानावर बरंच काही ठरेल.

दुसरी अडचण अशी की अशा बऱ्याच चाचण्यांत निम्म्या रुग्णांना खरं औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय द्रव्य देतात, आणि कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. पतींना काय दिलं गेलं, तो संकेत उघडावा अशी मागणी अर्जात स्पष्ट लिहा. निष्क्रिय द्रव्य निघालं तर औषधाच्या दुष्परिणामाचा मुद्दा संपला. तरी नियम ४१ मधली बाकीची कारणं उरतात : ठरलेली कार्यपद्धती मोडणं, निष्काळजीपणा, उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देणं, चाचणीसाठी केलेल्या एखाद्या प्रक्रियेमुळे झालेली इजा.

रकमेचं सूत्र सातव्या अनुसूचीत आहे. मूळ रक्कम ८ लाख, तिला वयाच्या गुणांकाने गुणून ९९.३७ ने भागायचं आणि मग जोखमीच्या आकड्याने गुणायचं. चाळिशीचा गुणांक १८४.१७, म्हणजे सुमारे १४.८३ लाख. जोखमीचा आकडा निरोगी माणसाला ४, सौम्य धोका असलेल्याला ३, मध्यम धोक्याला २, सहा महिने ते दोन वर्षं जगेल अशी अपेक्षा असलेल्याला १, आणि सहा महिन्यांहून जास्त जगण्याची आशा नसलेल्याला ०.५. हा झाला मृत्यूचा हिशोब. कायम अपंगत्वात त्या रकमेच्या ९० टक्क्यांना अपंगत्वाच्या टक्केवारीने गुणतात. समजा चाचणीमुळे आलेलं अपंगत्व ४० टक्के ठरलं. जोखीम २ धरली तर १० लाख ६७ हजारांच्या आसपास, १ धरली तर ५ लाख ३४ हजार. एक खाच लक्षात ठेवा. ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असलेल्या रुग्णासाठी मूळ आकडा सरसकट २ लाख आहे. कंपनी तुमच्या पतींना त्याच खणात ढकलू पाहील. तसं झालं तर ४० टक्क्यांचे हाती येतील जेमतेम ७२ हजार. याला उत्तर भरतीच्या केस पेपरवरच आहे. डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे गुण मांडून जो ग्लासगो कोमा स्कोअर लिहितात, तो तुमच्या कार्डावर ८ आहे. हा गंभीर गटातला आहे खरा, पण ३ म्हणजे अगदी तळ. आठचा रुग्ण दहापैकी नऊ वेळा महिन्यात दगावतो असं कोणताही न्यूरोसर्जन लिहून देणार नाही. त्यांचंच मत मागवा.

हे सगळं कंपनीने चालवलेल्या, केंद्राची परवानगी घेतलेल्या चाचणीबद्दल झालं. रजिस्ट्रीत ती डॉक्टरांनी किंवा संस्थेने स्वतःच्या अभ्यासासाठी केलेली शैक्षणिक चाचणी निघाली तर वाट थोडी बदलते; तिथे एथिक्स कमिटी आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यांच्या आधारे संस्थेकडे मागावं लागेल. प्रिंट हातात आला की मला कळवा.

त्याच तत्त्वांत तुमच्या उपयोगाचं आणखी एक आहे. बेशुद्ध रुग्ण शुद्धीवर आला, त्याला समजू लागलं, की त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यायची असते. तुमच्या पतींना आजवर कोणी विचारलेलंच नाही. पुढचा फोन येईल तेव्हा म्हणा, 'आधी मराठी माहितीपत्रक पाठवा, हे वाचतील, मग ठरवतील.' कारण न देता केव्हाही बाहेर पडायचा त्यांना हक्क आहे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. तरी माझं मत विचाराल तर रागाच्या भरात तपासण्या सोडू नका. त्या फुकट आहेत आणि प्रत्येक वेळी हाताची अवस्था त्यांच्याच कागदावर नोंदली जाते. बिल माफ करतो, एवढी सही करा, असं कोणी म्हणालं तर मात्र करू नका. आणखी एका सहीचा वाद नको.

सगळ्यात तातडीचं काम या चाचणीच्या बाहेरचं आहे. टेम्पोचालक, मालक आणि विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा अजून दाखल केलेला दिसत नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तुमच्याकडे दीड महिना उरला. उशिरा आलेल्या दाव्यांबद्दल न्यायालयांत वाद चालू आहेत, पण आपण त्यात पडायचं कशाला? तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो, पुण्याला हेलपाटे नकोत. विमा कंपनीचा वकील म्हणेल, हात औषधाने गेला. औषध कंपनी म्हणेल, अपघाताने गेला. म्हणून दाव्यात चाचणीची हकिगत लपवू नका. अपघात झाला नसता तर ते त्या खाटेवर नसते, अशी मांडणी करा. एकच बिल मात्र दोन्हीकडे जोडायचं नाही.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला आणि अपंग व्यक्ती या दोघांनाही तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज दोघांच्याही नावाने करा. जाताना एफआयआर, पंचनामा आणि टेम्पोच्या विम्याचा तपशील बरोबर असू द्या.