बीए झालंय, आता मीडियात जायचंय. पत्रकारितेचं एमए करू, मीडिया स्टडीज करू की खासगी विद्यापीठात जाऊ?

तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमातून बीए झालंय, घर श्रीरामपूरकडे आहे आणि खासगी विद्यापीठाची फी ऐकून वडील दोन दिवस गप्प आहेत. मी या पेचातून गेलोय आणि पहिल्या खेपेला सपशेल चुकलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

मी पहिला डिप्लोमा केला तो माहितीपत्रकातला स्टुडिओ बघून. वर्षभरात तो स्टुडिओ दोनदा उघडलेला पाहिला. एकदा प्रवेशाच्या वेळी आणि एकदा तपासणीची समिती आली तेव्हा. त्या दिवशी आम्हाला इस्त्रीचे कपडे घालून कॅमेरे धरून बसायला सांगितलं होतं. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती. समिती चहा घेऊन गेली, कुलूप पुन्हा लागलं. पुढे एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो आणि बातमी कापायला तिथेच शिकलो.

आता तुमचा प्रश्न. पत्रकारिता, संज्ञापन (म्हणजे कम्युनिकेशन) आणि मीडिया स्टडीज ही नावं सरसकट एकत्र वापरतात, पण कामं वेगळी आहेत. पुण्यातच बघा. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा १९६४ पासूनचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग. त्याची ओढ बातमीकडे. गणेशखिंडीच्या आवारात त्याच विद्यापीठाचा दुसरा विभाग आहे, तिथे मीडिया अँड कम्युनिकेशन स्टडीजची पदवी मिळते ती चक्क एमएस्सी. तिथे संशोधन, सिद्धांत, दृक्‌श्राव्य निर्मिती असा पसारा. विद्यापीठ एकच, पण एकात रमणारा मुलगा दुसऱ्यात कंटाळू शकतो. मुंबईत देवनारला टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं एमए आहे. तिथे मुलं माहितीपट करतात आणि समाजशास्त्राचं वाचन भरपूर असतं, तेही इंग्रजीतून. माहितीपट करायचा किडा असेल तर नक्की अर्ज करा, पण जिल्हा प्रतिनिधी व्हायचं असेल तर इतका वळसा कशाला?

अमरावतीचा विचार तुमच्या पत्रात दिसला नाही, त्याचं आश्चर्य वाटलं. दिल्लीच्या आयआयएमसीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) केंद्र तिथे आहे आणि मराठी पत्रकारितेचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. आयआयएमसीला २०२४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, पण तुम्ही घेताय तो कागद डिप्लोमाचा आहे की पदवीचा हे आधी बघा. पुढे नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर पदव्युत्तर पदवी लागेल. माझ्या बरोबरच्या दोघांना हे चार वर्षांनी कळलं.

कुठलंही ठिकाण असो, पैसे भरायच्या आधी एकदा जाऊन या. त्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमाला जाऊ नका, साध्या मंगळवारी-बुधवारी दुपारी जा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा, 'या महिन्यात काय केलंत?' उत्तरात 'असाइनमेंट' एवढंच आलं तर सावध व्हा. 'पालिकेच्या सभेला गेलो होतो, सरांनी बातमी तीनदा परत लिहायला लावली' असं आलं तर समजा काम होतंय. मुलांनी काढलेला प्रायोगिक अंक मागा. त्यातल्या बातम्या खरोखर गावात फिरून आणलेल्या आहेत की इंटरनेटवरून उचलल्यात, ते दोन पानांत कळतं.

शिकवतं कोण, हेही विचारा. सगळेच तासिका तत्त्वावरचे असतील तर तास संपला की माणूस बसस्टॉपवर. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना दिवसाला तीन कॉलेजं गाठायची असतात. पण तुमची कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, तपासून लाल करायला कोणाला वेळ उरत नाही. उलट, एखादा काम करणारा पत्रकार आठवड्यातून एकदा येत असेल आणि बाकी दोघं-तिघं पूर्णवेळ असतील तर जमून येतं.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हटलं की विचारा, कोणत्या पदावर? कॉल सेंटरही त्यात मोजलेलं पाहिलंय. आणि वडिलांची जमीन किंवा मोठं कर्ज यावर खासगी विद्यापीठाची फी भरू नका, हे मात्र स्पष्ट सांगतो. मराठी दैनिकात सुरुवातीला जो पगार मिळतो त्यातून पुण्याची खोली आणि मेस निघाली तरी खूप, हप्ते कुठून भरणार?

मराठी माध्यमाचा न्यूनगंड सोडा, पण इंग्रजी वाचायची सवय आजपासून लावा. बोलता आलं नाही तरी निभावतं. मराठी डेस्कवर पीटीआय या वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी समोर पडते आणि वीस मिनिटांत तिची मराठी बातमी करून द्यावी लागते. मी पहिल्याच आठवड्यात एक आकडा दहा पटीने वाढवून ठेवला होता. लाख आणि मिलियन!

तुमच्या जागी मी असतो तर रानडे आणि अमरावती दोन्हीकडे अर्ज भरला असता, आणि गणेशखिंडीचा विभाग डोळ्यांनी बघून मग ठरवलं असतं. प्रवेश परीक्षेच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या संबंधित विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच बघा, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको. श्रीरामपूरहून पुण्याची पहाटेची एसटी पकडलीत तर दोन्ही विभाग एका दिवसात बघून होतील.