वॉर्ड सोडला म्हणजे पेशंट सोडला का?

“मॅडम, मी पेशंट सोडून कागदात शिरले.” थोड्याफार फरकानं हे वाक्य मी इतक्या नर्सेसकडून ऐकलंय, की समोरची बोलायला लागली की ते कुठं येणार याचा आता अंदाज येतो. कुणी एम.एस्सी. करून शिकवायला लागलेली असते, कुणी पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं असतं, कुणी नुकतीच प्राध्यापक झालेली असते. बाहेरून बघणाऱ्याला ही बढती वाटते. रात्रपाळी सुटली, पायांना आराम मिळाला, उद्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागेल. ती स्वतः मात्र ड्यूटी अर्धी टाकून आल्यासारखी वावरत असते. म्हणून एका सिस्टरांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. समुपदेशक म्हणून माझ्या त्यांच्याशी बैठका बऱ्याच झाल्या. इथं त्यातलं मोजकंच येईल.

मुलांच्या अतिदक्षता विभागात सिस्टरांनी उमेदीची वर्षं काढली होती. डोक्याला मार लागून आलेली मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. गाडीवरून पडलेली, उंचावरून कोसळलेली, कधी तर अगदी तान्ही, ज्यांना कुणीतरी रागाच्या भरात गदागदा हलवलेलं असतं. तिथून त्या पीएच.डी.कडे वळल्या. विषय घेतला मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या झोपेचा. माहिती गोळा करून झाली होती, मार्गदर्शक समाधानी होत्या आणि प्रबंध मात्र जागचा हलत नव्हता. लॅपटॉप उघडायचा, एकाच परिच्छेदाकडे बघत बसायचं, बंद करायचा. रात्री डोळ्याला डोळा नाही. पर्समध्ये ‘मला पुन्हा वॉर्डात घ्यावे’ असा अर्ज होता, सही करून, चार घड्या घातलेला.

“हे अपराधी वाटणं कधी येतं?” मी विचारलं.

“सतत.”

“मुलांच्या आईवडिलांशी बोलताना येतं?”

त्या थांबल्या. “नाही. तेव्हा नाही.”

“मुलाच्या हाताला ते यंत्र बांधताना?”

“तेव्हा तर मुळीच नाही.”

“मग?”

“लिहायला बसलं की. आकड्यांचे तक्ते उघडले की.”

‘सतत’ या उत्तरावर मी कधीच थांबत नाही. माणसाला छळणारी भावना चोवीस तास सारखी नसते. ती कुठं वर येते आणि कुठं नसते, हे सापडलं की निम्मं काम होतं. सिस्टरांच्या बाबतीत ती मुलांपाशी नव्हती, मुलांच्या आकड्यांपाशी होती. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

ते यंत्र म्हणजे ॲक्टिग्राफ. मनगटी घड्याळासारखं दिसतं, हातावर दिवसरात्र राहतं आणि हालचालीवरून झोपेचा अंदाज देतं. त्याबद्दल सांगताना सिस्टरांचा आवाजच बदलला. “मॅडम, मार लागल्यावर कधीकधी मुलाची एक बाजू कमजोर पडते. त्याच हाताला यंत्र बांधलं तर मूल टक्क जागं असलं तरी यंत्र म्हणणार झोपलंय. हलणारा हात कोणता, हे आधी बघायला लागतं. औषधानं गुंगीत असलेल्या मुलाचंही तेच. निपचित पडणं म्हणजे झोप नव्हे. म्हणून आईला रोज वही लिहायला सांगते आणि दोन्ही ताडून बघते.” हे सांगणारी बाई आपण नर्स उरलो नाही असं म्हणते, याचं मला नवल वाटलं. पण मी ते बोलून दाखवलं नाही. तसं सांगणारे त्यांना पुष्कळ भेटले होते.

ज्ञान वाढवणं हीसुद्धा सेवाच, असं घरच्यांनी सांगून झालं होतं. मार्गदर्शकांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दाखला दिला होता. क्रिमियाहून १८५६मध्ये परतल्यावर त्यांनी रुग्णाच्या खाटेपाशी फारसं काम केलंच नाही. आकडेवारी, अहवाल आणि परिचारिकांचं शिक्षण यांतून त्यांनी रुग्णालयांचं रूप पालटलं. “मला हे पाठ आहे,” सिस्टर म्हणाल्या, “मी विद्यार्थिनींना शिकवते. मला स्वतःला उपयोग होत नाही.”

होणारही नव्हता. आपण दिलासा देतो तेव्हा एका आरोपाला उत्तर देत असतो, आणि इथं आरोप काय आहे हे अजून कुणी नीट ऐकलंच नव्हतं. माझी बैठक ज्या विचारांत झाली आहे त्यात त्रासदायक भावना पुसून टाकायची घाई नसते. माणसाला ज्याचं मोल वाटतं, त्याच जागी त्याला टोचतं. म्हणून मी अपराधीपणाशी वाद घालत नाही. त्याला बोलू देते.

“वॉर्डातली एखादी रात्र सांगा,” मी म्हटलं. “गाजलेली नको. साधी.”

त्या बराच वेळ सांगत होत्या. दर तासाची फेरी. टॉर्च डोळ्यांवर, बाहुल्या सारख्या आहेत का, उजेडानं आकसतात का. नाव विचारायचं, ‘माझा हात दाब’ म्हणायचं, मग नोंद. नोंद ग्लासगो कोमा स्केलवर. ही मोजपट्टी ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४मध्ये मांडली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण द्यायचे, कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. मुलांसाठी बोलण्याचे निकष वयानुसार बदललेले असतात.

“सात-आठ वर्षांचा मुलगा होता,” त्या म्हणाल्या. “धोक्याचे पहिले दिवस सरले होते, पण तासाची फेरी अजून चालूच होती. पहाटे तीनला मी टॉर्च मारली. त्यानं हातानं डोळे झाकले आणि म्हणाला, ‘सिस्टर, झोपू दे ना मला.’”

“मग तुम्ही काय केलंत?”

“लिहिलं. बोलणं, पाच.”

“पाच?”

“पाचपैकी पाच. नीट बोलला ना. कुणाशी बोलतोय ते कळत होतं, काय हवंय ते कळत होतं. पूर्ण गुण.” त्या हसायला गेल्या आणि त्यांना रडू फुटलं.

मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. समोरच्याला ते ‘आता पुरे’ असं ऐकू येतं. त्या शांत झाल्यावर मी एवढंच विचारलं, “त्या कागदावर त्याची झोप लिहायला जागा होती?”

“नाही. रक्तदाब होता, ताप होता, लघवी किती झाली ते होतं. झोपेचा रकानाच नव्हता.”

“आणि आता लॅपटॉपवर तुम्ही काय उघडता?”

उत्तर लगेच आलं नाही. त्यांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग अगदी हळू म्हणाल्या, “रकाना.” आणि थोड्या वेळानं, “मॅडम, तो तक्ता म्हणजे झोपेचा रकानाच आहे. एका ओळीला एक मूल.”

माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत आणि आले की ते जपून ठेवावेसे वाटतात. इतके दिवस त्या समजत होत्या की हा अपराधीपणा वॉर्ड सोडल्याचा आहे. तो वॉर्डातलाच होता, पीएच.डी.च्या कितीतरी आधीचा. त्या रात्री त्याला वर यायला वेळ मिळाला नाही, कारण पुढची खाट होती, पुढचा तास होता. प्रबंध लिहायला एका जागी बसल्यावर आकड्यांच्या प्रत्येक ओळीतून तेच मूल ‘झोपू दे ना’ म्हणायला लागलं. मन अशा वेळी हाताशी असलेलं कारण उचलतं. वॉर्ड सोडल्याचं कारण हाताशी होतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी होती आणि ती सिस्टरांनीच केली. त्या मुलाला उठवणं चूक नव्हतं. मेंदूला मार लागल्यावर आत रक्तस्राव वाढू शकतो, सूज चढू शकते आणि मूल काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतं. सुरुवातीची ही तपासणी जीव वाचवते. पण धोका ओसरल्यावर ती किती दिवस दर तासाला चालू ठेवायची, कुठल्या मुलासाठी अंतर वाढवता येईल? हा निर्णय पहाटे तीन वाजता टॉर्च हातात घेतलेली एकटी नर्स घेऊ शकत नाही, घेऊही नये. त्याला पुष्कळ मुलांच्या पुष्कळ रात्रींच्या नोंदी लागतात. त्या मुलाला द्यायचं उत्तर वॉर्डात मिळणारच नव्हतं.

पुढच्या वेळी सिस्टर आल्या त्या तावातावानं बोलत. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाच्या २४ तासांत ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६मध्ये सांगितलंय. या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं. दर तासाला उठवलं तर ते पुरंच होणार नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वॉर्डात रात्रीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा; अतिदक्षतेत नुसते अलार्मच त्याच्या कितीतरी वर जातात. नाइटिंगेलबाईंनी तर १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्येच बजावलंय, की रुग्णाला पहिल्या झोपेतून उठवाल तर त्याला पुन्हा झोप लागणं कठीण. “हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले,” त्या म्हणाल्या. “हे माझ्याबद्दल आहे हे कळलं नव्हतं.” जो दाखला आधी कोरडा गेला होता तोच आता त्यांनी स्वतः उचलला होता.

त्या आठवड्यात त्यांनी परत लिहायला घेतलं. सुरुवात एका साध्या प्रकरणानं केली: घरी गेल्यावर काय होतं. मार सौम्य असला तरी काही मुलांची झोप पुढं महिनोन्महिने विस्कटलेली राहते. झोप लागत नाही, मध्येच मोडते, दिवसा पेंग येते, चिडचिड होते, वर्गात लक्ष लागत नाही. घरच्यांना वाटतं मूल हट्टी झालं, शिक्षकांना वाटतं आळशी झालं. दुसरीकडे आईबाप स्वतः रात्ररात्र जागतात, कारण डोक्याला मार लागला की झोपू द्यायचं नाही असं त्यांनी ऐकलेलं असतं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलेल्या मुलाला झोप वर्ज्य नाही, उलट ती हवी असते. मूल उठवूनही उठेना, वारंवार उलट्या व्हायला लागल्या, झटका आला, डोकेदुखी वाढत चालली, तर मात्र तडक रुग्णालय गाठायचं.

म्हणून या वाटेवर असलेल्या सगळ्याजणींना माझं सांगणं आहे की अपराधीपणा नेमका केव्हा येतो ते आधी लिहून काढा. शिकवताना, वाचताना, लिहिताना, जुन्या मैत्रिणींचा फोन आल्यावर? त्यात वेगवेगळ्या गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात. पेशंटच्या स्पर्शाची, गडबडीची, संध्याकाळपर्यंत केलेलं काम डोळ्यांना दिसण्याची सवय सुटल्याचं दुःख त्यात असतं. हे दुःख खरं आहे, त्यावर युक्तिवाद चालत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. एकटेपणा असतो, वॉर्डात पाठीशी चार जणी असतात, प्रबंधापाशी कुणी नसतं. सिस्टरांनी त्यावर स्वतःच उपाय काढला. लिहून झालेला भाग त्या जुन्या वॉर्डातल्या रात्रपाळीच्या नर्सेसना वाचून दाखवतात. तपासणी, औषध, कूस बदलणं ही कामं एकाच फेरीत उरकून मुलाला मध्ये सलग झोप कशी देता येईल, यावर तिथूनच त्यांना सूचना मिळाल्या.

जमत असेल तर महिन्यातून एखादी पाळी जरूर करा. पण प्रायश्चित्त म्हणून करू नका. दमलेलं शरीर आणि न फिटलेली टोचणी घेऊन घरी याल. आणि स्वतःची झोप बघा. बरीच वर्षं रात्रपाळी केलेल्या शरीराला रात्री झोपायची सवय नव्यानं लावावी लागते. झोप उडणं आणि उदास वाटणं दोन आठवड्यांपलीकडे टिकलं तर त्याला अपराधीपणा म्हणत बसू नका, डॉक्टरांना भेटा.

काहीजणी वॉर्डात परत जातात आणि त्यांचं ते बरोबरच असतं. माझ्याकडे आलेल्या एकीनं पीएच.डी. सोडली, आज ती खाटेपाशी आनंदात आहे. त्यामुळे जा किंवा जाऊ नका असं मी कुणाला सांगत नाही. लिहिणं टळावं म्हणून निघालात की पेशंटपाशी राहायचं म्हणून, एवढं मात्र विचारते. सिस्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी पर्समधला अर्ज काढून तिथंच फाडला. सध्या त्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत आहेत आणि पुढच्या अभ्यासासाठी नीतिमत्ता समितीपुढं त्यांचा प्रस्ताव आहे. धोका ओसरलेल्या मुलांमध्ये रात्रीच्या तपासणीचं अंतर वाढवलं तर ते सुरक्षित ठरतं का, हा त्याचा विषय आहे.