डबल कॅब यूटला (दोन रांगांच्या पिकअपला) मागे एअर बॅग, म्हणजे वजन पेलायला हवेच्या पिशव्या, बसवल्या आहेत. कॅरावॅन आणि पूर्ण सामान असताना हवा किती पीएसआय ठेवावी?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "३५ ठेवू की ६०? कॅरावॅन लावली की मागून गाडी बसते. पाटे वाढवणं हा जुना प्रकार झाला, आता सगळे हवेवरच जातात." आकड्याचं नंतर बघू. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलोय.

माझ्या वडिलांचं कराडला कोल्हापूर नाक्याजवळ कमान-पाट्यांचं, म्हणजे गाडीच्या लीफ स्प्रिंगचं, दुकान होतं. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, टेंपो, पिकअप यांची रांग लागायची. वडील प्रत्येक पाट्यावर हातोडी टकटक करत जायचे. चिरलेला पाटा बद्द वाजतो, त्यावर तिथेच खडूची रेघ. गिऱ्हाईक म्हणायचं, "शेठ, एक पाटा वाढवा, मागं लई बसतीय." वडील आधी ट्रॉलीभोवती फिरून माल कुठे भरलाय ते बघायचे. म्हणायचे, "लोड पाट्यावर नसतो रे, हँगरवर असतो." हँगर म्हणजे पाटा गाडीच्या सांगाड्याला, चासीला, जिथे अडकवतात ती जागा.

आता मी मेलबर्नला आहे, फेन्सिंगची कामं घेतो. यूटवर रोज सिमेंटच्या गोण्या आणि खांब असतात. माझ्याही यूटला एअर बॅग आहेत, तेव्हा मी बॅगांच्या विरोधात आहे असं समजू नका.

आमचे साडूभाऊ आयटीत. त्यांनी डबल कॅब घेतली, त्यामागे कॅरावॅन घेतली, आणि यूट बसायला लागली तशा एका दुकानातून बॅग बसवून घेतल्या. आम्ही दोन्ही कुटुंबं ऊडनाडाटा ट्रॅकला निघालो. दक्षिण ऑस्ट्रेलियातला हा कच्चा रस्ता मारी ते मार्ला, सहाशे किलोमीटरच्या वर. मारीला मी टायरची हवा कमी करायला उतरलो तेव्हा त्यांची गाडी नीट पाहिली. शेपूट वर. हौद्यावर बसवलेल्या बंद टपाच्या, कॅनपीच्या, मागच्या कप्प्यात पाण्याची टाकी, शेजारी जनरेटर, मागच्या दारावर दोन जेरीकॅन आणि जादा टायर, आणि त्याच्याही मागे कॅरावॅन अडकवायचा बॉल. म्हणजे सगळं जड सामान ॲक्सलच्या मागे टांगलेलं. विचारलं, "बॅगेत किती आहे?" म्हणाले, "ऐंशी. शंभरपर्यंत चालतं, बॅगेवरच लिहिलंय." मी म्हटलं, "हवा उतरवा आणि टाकी पुढे घ्या." त्यावर सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "तुमचं ते कराडचं पाट्यांचं शास्त्र इथे नाही चालत."

विल्यम क्रीकच्या अलीकडे रस्त्यावर आडव्या लाटा उमटलेल्या होत्या, इकडे त्याला कॉरुगेशन म्हणतात. तिथे थांबलो तेव्हा बायकोचं लक्ष गेलं, "यांची गाडी वाकडी का दिसतेय?" केबिन आणि मागच्या हौद्यामधली फट सकाळी वरखाली सारखी होती. आता वर माझी चार बोटं सहज जात होती, खाली पत्र्याला पत्रा टेकलेला. चासी केबिनच्या मागे वाकली होती. यूट ट्रकवर चढवून पोर्ट ऑगस्टाला गेली. विमेवाल्यांनी वजनाचे कागद मागितले, ते साडूभाऊंकडे नव्हते. पुढचं विचारू नका.

हे का होतं, ते नीट बघा. पाटा चासीला दोन ठिकाणी धरतो, पुढच्या हँगरला आणि मागच्या हलत्या कडीला, शॅकलला. दोन्हींत मीटरभराहून जास्त अंतर असतं, त्यामुळे वजन वाटलं जातं. बॅग बसते ॲक्सल आणि चासीच्या मधे, एकाच जागी. ती ठणठणीत फुगवली की पाट्याचं काम ती स्वतःकडे ओढून घेते आणि चासीला त्या एका बिंदूवर वर ढकलते. तिच्यामागे दोन-तीनशे किलो लोंबकळत असेल तर प्रत्येक आदळ्याला चासी त्या टेकूवर मोडायला बघते. वडिलांचं हँगरचं वाक्य ते हेच. इंजिनिअरिंग न शिकलेल्या माणसाला ते कळत होतं.

दुसरा गैरसमज म्हणजे गाडी सरळ दिसली की वजन सरळ झालं. समजा बॉलवर ३०० किलो आहेत, बॉल मागच्या ॲक्सलपासून सव्वा मीटर मागे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ३.१ मीटर. मागच्या ॲक्सलवर साधारण ४२० किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे १२० उचलले जातात. म्हणून स्टिअरिंग हलकं लागतं. बॅगेत हवा भरून बंपर वर येतो, ते १२० किलो पुढे परत येत नाहीत. त्यासाठी वजन पुढच्या चाकांवर वाटणारा जोड, वेट डिस्ट्रिब्युशन हिच, लागतो, किंवा सरळ सामान पुढे सरकवावं लागतं. माझ्या गोण्या नेहमी केबिनमागच्या हेडबोर्डला चिकटून असतात. पोरं मागे टाकून मोकळी व्हायला बघतात, मी परत उचलायला लावतो.

आता तुमचा प्रश्न. गाडी रिकामी, सपाट जागा, बॅगेत ५ पीएसआय. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, चारही चाकांना. मग सामान भरा, कॅरावॅन लावा, परत मोजा. मागे जेवढी बसली त्याच्या निम्मं, फार तर दोन तृतीयांश परत येईल एवढीच हवा भरा, ५-५ पीएसआयने. रिकाम्या उंचीच्या वर कधीच नाही. कुणाला हे २५ वर मिळेल, कुणाला ५० वर. तुमचे ३५ आणि ६० कुठून आले कोण जाणे. कच्च्या रस्त्याला लागलात की आणखी कमी करा, बॅगेला दबायला जागा हवी. डाव्या-उजव्या बॅगेचे व्हॉल्व्ह वेगळे ठेवा. एकाच नळीवर असतील तर वळणावर एकीकडची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी जास्त झुकते. सामान उतरवलं की हवाही उतरवा, पण पूर्ण शून्यावर नको, बॅग चिमटून फाटते.

हे सगळं मागे पाटे असलेल्या यूटचं. कॉइल स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या बॅगांची मर्यादा बरीच कमी असते, तिच्यावरचं लेबल वाचा. जुन्या बऱ्याच यूटना मागच्या ब्रेकसाठी लोडवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. तो ॲक्सल आणि चासीमधलं अंतर बघून ब्रेक कमी-जास्त करतो. बॅगने गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि ऐन लोडवर मागचे ब्रेक कमी लागतात. बॅग बसवणाऱ्याने त्याचं काय केलं, ते विचारून घ्या. आणि बॅग बसवल्याने प्लेटवरचं जीव्हीएम, म्हणजे भरल्या गाडीच्या वजनाची मर्यादा, एक किलोनेही वाढत नाही.

तेव्हा आधी वजनकाट्यावर जा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि बॉल, तिन्हींचे आकडे इथे टाका, मागच्या दारावर काय काय टांगलंय तेही लिहा, मग पीएसआयचं बोलू. साडूभाऊ हे वाचणार आहेत. त्यांनी खाली येऊन "कंपनीची चासीच कमजोर होती" असं परत लिहू नये. त्याच रस्त्यावर माझीही यूट होती, मागे पाटा वाढवलेली आणि बॅगेत १५ पीएसआय.